फसलेल्या फोटोंची वकिली

आपल्या वार्षिकांकातील छायाचित्रांची पाने एकदा निवांत चाळून पाहावीत. समई पेटवणारे पाहुणे, पाहुण्यांना श्रीफळ देणारे प्राचार्य, आणि बक्षीस घेताना बक्षिसाकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहणारा विजेता. दर वर्षी पाहुणे बदलतात, समई तीच. या फोटोंशी माझे भांडण नाही. पण वर्षभरात कॉलेजात घडले ते एवढेच का, असा प्रश्न मला पडतो, आणि त्यापायीच मी आज फसलेल्या फोटोंची वकिली करायला उभी आहे.

मोबाइल येण्यापूर्वी हौशी मंडळींच्या हाती असे तो आग्फाचा क्लिक-थ्री कॅमेरा. एका रोलात बारा फोटो. पाहायची काच वेगळी आणि फोटो टिपणारे भिंग वेगळे, त्यामुळे जवळून काढलेल्या फोटोत माणसांची डोकी उडत. भिंगापुढे बोट आले तरी काढणाऱ्याला दिसत नसे. रोल पुढे सरकवायचा राहिला की त्याच जागेवर दुसरा फोटो उमटे आणि नवरदेवाच्या छातीतून बैलाची शिंगे निघत! पण धुवायचे पैसे बाराही फोटोंचे मोजलेले, म्हणून फसलेला फोटोही फेकवत नसे. तो ट्रंकेच्या तळाशी जाई. गरिबीचे हे एक उपकारच म्हणायचे.

आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे, आणि तो तिचा नाहीच. तो धाकट्या चुलत्यांच्या लग्नातला. काढणाऱ्याचा अंगठा मध्ये आल्यामुळे डावी बाजू काळी झाली आहे आणि नवरी अर्धीच दिसते. पण मागे भिंतीशी आजी उकिडवी बसून परात घासते आहे. तिला कुणी फोटोला बोलावले नव्हते, आणि बोलावले असते तरी ती आली नसती. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा हा सापडला. स्टुडिओवाल्याने तेवढाच तुकडा मोठा करून दिला. चेहरा रवाळ झाला, तरी पदर दातात धरायची तिची लकब स्पष्ट दिसते. लग्नाचे सगळे चांगले फोटो चुलत्यांच्या अल्बमात आहेत. त्यांतल्या एकातही आजी नाही. ऊसतोडीला आणि खुरपणीला जाणाऱ्या बायका नीट बसून फोटो काढून घेत नसत. त्या फोटोत आल्या त्या अशा चुकून आल्या.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. १८३८ साली दागेर याने पॅरिसमधील एका रस्त्याचा फोटो घेतला. तेव्हा एका फोटोला काही मिनिटे लागत. रस्त्याने गाड्या धावत होत्या, पण हलणारे काहीच उमटले नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी पुसटसा पॉलिशवाला. फोटोत आलेली पहिली माणसे म्हणून आज त्यांचाच उल्लेख होतो. बग्गीतले शेटजी कोण होते, देव जाणे! पुढे लार्तीग नावाच्या फ्रेंच मुलाने १९१२-१३ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयात, मोटारींच्या शर्यतीचा फोटो काढला. चाक लंबगोल झाले, बघे एका अंगाला कलले, गाडीचे तोंड चौकटीबाहेर. बिघडला म्हणून त्याने तो बाजूला ठेवला. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचे फोटो मांडले गेले, आणि आज वेग कसा दिसतो ते सांगायला तोच फोटो पुढे करतात.

पण मला खरा हलवून गेला तो पळसदेवकडच्या एका घरातला फोटो. उजनी धरण १९८० साली झाले आणि जुने पळसदेव पाण्यात गेले. पाणी फार आटले की तिथले जुने मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात तसेच झाले आणि माणसे लोटली. मंदिराचे फोटो उदंड आहेत. या घरातल्या फोटोत मात्र मंदिर नाही. बारशाला काढलेला फोटो. कॅमेरा तिरका झाल्याने बाळ आणि आत्या कोपऱ्यात गेल्या आणि सगळी चौकट एका बोळाने भरली आहे. दगडी उंबरा, उखळ, कुणाच्या तरी सुकत घातलेल्या गोधड्या. त्या घरातले आजोबा त्या फोटोवर बोट ठेवून कुठल्या दारात कोण राहत होते ते सांगतात. बाळाचे नाव त्यांना आठवायला लागते.

कुणी म्हणेल, मग वाईट फोटोंची पूजा मांडायची काय? मुळीच नाही. दहांतले नऊ फसलेले फोटो नुसते फसलेलेच असतात. पण दहावा कुठला ते त्याच दिवशी कळत नाही, त्याला वर्षे जावी लागतात. आता फोनवर मात्र फोटो फसला हे त्याच क्षणी दिसते आणि त्याच क्षणी तो पुसला जातो. तुकोबारायांची पालखी काटेवाडीत आली की मेंढ्यांचे रिंगण होते. तिथे माझ्या मैत्रिणीने काढलेल्या फोटोत मेंढ्यांच्या नुसत्या पांढऱ्या रेघा झाल्या आणि पालखीचा पत्ताच नाही. मात्र कडेला एक धनगराचे पोरगे दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा सावरत खदखदा हसते आहे. ती तो पुसायला निघाली होती. मी फोनच हिसकावून घेतला.

संपादक मंडळाला माझी विनंती आहे की पुढील अंकात दोन पाने फसलेल्या फोटोंना द्यावीत. कबड्डीच्या सामन्यात चढाई करणारा गडी फोटो काढणाऱ्यावरच येऊन आदळला, तेव्हाचा निव्वळ आभाळाचा फोटो माझ्याजवळ आहे. तो मी देईन. श्रमदान शिबिरात पाहुण्यांच्या भाषणाच्या फोटोत मागे पिठल्याचे पातेले उतरवणारी चार मुले आली आहेत, तोही आहे. इतरांनीही द्यावेत. फक्त फोटोबरोबर मागे दिसणाऱ्यांची नावे लिहून द्यावीत. पाहुण्यांचे नाव नसले तरी चालेल.