पार्का अंगाच्या मापाने घ्या, जाहिरातीच्या नव्हे

मुलांकडे कॅनडा-अमेरिकेला हिवाळ्यात जाणारे आईवडील निघण्यापूर्वी तपासणीला येतात. औषधं, विमा, रक्तदाब, सगळं विचारतात. कपड्यांचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: "मुलाने उणे ३० चा पार्का घेऊन ठेवलाय, काळजी नाही." पार्का म्हणजे टोपी जोडलेला, मांडीपर्यंत येणारा हिवाळी कोट. तो जितका जाड आणि महाग तितका चांगला, हा समज मला अजिबात मान्य नाही. साठीपुढच्या माणसांच्या बाबतीत तर तो धोक्याचा आहे.

आधी त्या आकड्याबद्दल. रोजच्या वापराच्या जॅकेटवर लिहिलेलं तापमान सगळ्या कंपन्यांनी एकाच सक्तीच्या पद्धतीने मोजलेलं नसतं. शिवाय तो आकडा कोणासाठी? झपाझप चालणाऱ्या तिशीतल्या तरुणासाठी, की बसस्टॉपवर उभ्या असलेल्या सत्तरीच्या आजींसाठी? कोट स्वतः उष्णता तयार करत नाही. उष्णता आपलं शरीर तयार करतं, कोट ती फक्त धरून ठेवतो. वय वाढलं की स्नायू कमी होतात आणि उष्णताही कमी तयार होते. थायरॉइडची कमतरता असेल तर आणखी कमी. मधुमेहामुळे पायांच्या नसा बधिर झाल्या असतील, तर पाय गारठलेले कळतही नाहीत. हे कुठल्याही लेबलवर लिहिलेलं नसतं.

दुसरं म्हणजे वारा. तापमान उणे १० आणि वाऱ्याचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं जाणवतं. त्यामुळे कापसासारख्या फुगीर भरावापेक्षा वारा अडवणारं बाहेरचं कापड आधी पाहा. पिसांचा भराव हलका आणि उबदार खरा, पण भिजला की त्याची ऊब जाते. ओला बर्फ आणि पाऊस पडणाऱ्या गावात कृत्रिम भराव किंवा चांगलं जलरोधक कापड जास्त उपयोगी.

आता खरा मुद्दा. ध्रुवीय मोहिमेसाठी बनवलेला दोन किलोचा कोट आजोबांना एकट्याने चढवता येत नाही. संधिवाताच्या बोटांना चेन लागत नाही. मुलगा-सून कामावर गेलेले. मग आजोबा घरातच बसतात, एक दिवस नव्हे, तीन महिने. चालणं बंद, साखर वाढते, गुडघे आखडतात, मन उदास होतं. कपाटात लटकलेला महागडा कोट कोणालाच थंडीपासून वाचवत नाही.

"पण डॉक्टर, थंडी बाधली तर?" प्रश्न रास्त आहे. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. पण उपाय एकच अवजड कोट हा नाही. उपाय आहे थर. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं पातळ थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर हलका पार्का. आपलं सुती बनियन इथे नको: घामाने भिजतं, लवकर वाळत नाही आणि अंग गार पाडतं. दुकानात, बसमध्ये शिरलं की चेन उघडा.

दुकानात गेल्यावर किंमत पाहण्याआधी या गोष्टी करून पाहा:

• स्वेटरवर घालून पाहा. हात वर करा, खुर्चीत बसा.
• हातमोजे घालून चेन स्वतः लावा आणि काढा. जमलं नाही तर तो कोट तुमचा नाही.
• लांबी नितंबांच्या खाली हवी. चेन खालूनही उघडणारी असेल तर साडी नेसून पायरी चढणं सोपं जातं.
• टोपी घालून दोन्हीकडे मान वळवा. बाजूची गाडी दिसली पाहिजे.
• रंग उठून दिसणारा घ्या. डिसेंबरात टोरांटोला पाचच्या आत सूर्य मावळतो. काळ्या कोटातला माणूस चालकाला दिसत नाही.

नातवंडांबद्दलही सांगतो. गाडीतल्या सीटवर फुगीर कोटासकट पट्टा बांधू नका. अपघातात कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. कोट काढा, पट्टा आवळा, वरून पांघरूण घाला.

थंडीत चालताना छातीत दुखलं किंवा दम लागला, तर दोष कोटाला देऊ नका, लगेच वैद्यकीय मदत घ्या. थंडीत राहिलेली वयस्क व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, सुस्तावली, तर तेही तातडीचं समजा.

मुलांना माझं सांगणं एवढंच: आईवडिलांसाठी पार्का परस्पर मागवू नका. त्यांना दुकानात घेऊन जा आणि त्यांना स्वतः घालता येईल तोच घ्या. चष्मा आपण दुसऱ्याच्या नंबरचा आणत नाही, मग कोट का आणायचा?