मुलांचे उद्योग : तापलेल्या गोट्यांवरील चित्रे

ऊन गोट्यावर मेणखडू फिरवून चित्रे काढण्याचा उद्योग सुटीत मुलांस फार रुचतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे गोटे बहुधा इरई वा वैनगंगेच्या पात्रांतून येतात, आणि सावधगिरी हवी ती येथेच. नदीतल्या दगडाच्या, विशेषतः वालुकाश्माच्या, छिद्रांत पाणी मुरलेले असते. तो विस्तवावर ठेविला की १०० अंशांस त्या पाण्याची वाफ होते, ती सुमारे १६०० पट जागा मागते. वाट न मिळाल्यास दगड फुटून कपची डोळ्यांत जावयाची.

वस्तुतः मेण ६० अंशांच्या आसपासच वितळते. मग विस्तव हवा कशास? कोरड्या माळावरचे, भेग नसलेले गोटे आणावे, आठवडाभर उन्हात वाळवावे आणि थंड ओव्हनमध्ये ठेवून ८० अंशांपर्यंतच हळूहळू तापवावे. तेवढ्यानेही हात पोळतो. म्हणून वडील माणसानेच ते चिमट्याने काढून जाड फडक्यावर ठेवावे, व मगच मुलांस खडू द्यावे.

ओव्हन नसल्यासही अडत नाही. आमच्या वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी गच्चीवर ठेविलेला काळा गोटा मेण मऊ करण्याइतका तापतो. तो मात्र आपण आणावा. मुलांनी सावलीत बसून रंगवावा.