तिच्या खुणा कोणाला कळतात?

आषाढात गोंदिया जिल्ह्यात रोवणीची लगबग सुरू झाली की सारे घर धानाच्या बांधीत उतरते. घरी राहते ती ऐकू-बोलू न शकणारी, किंवा समज कोवळीच राहिलेली मुलगी. तेंदूपत्त्याच्या दिवसांतही तेच. गाव सगळे ओळखीचे, म्हणून आईबाप निश्चिंत असतात. पण अशा मुलीवरील संकट बहुधा ओळखीच्या पावलांनीच येते.

आंध्र प्रदेशातील एका जन्मांध तरुणीवर 2011 मध्ये अत्याचार झाला. आरोपी तिच्या भावांच्या परिचयाचा, घरी येणे-जाणे असलेला. तिने त्याला आवाजावरून ओळखले. डोळ्यांनी न पाहिलेल्याची ओळख कशी ग्राह्य धरावी, असा प्रश्न कोणीही केला असता. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम ठेवली आणि दिव्यांग स्त्रीची साक्ष केवळ ती दिव्यांग आहे म्हणून दुबळी मानता येणार नाही, असे स्पष्ट केले.

घरी धोका आहे, तर मुलीला निवासी संस्थेत ठेवावे काय? पनवेलजवळच्या कळंबोली येथील एका खासगी संस्थेत निराधार मतिमंद मुली आश्रयाला होत्या. त्यांच्यावरील अत्याचार 2011 मध्ये उजेडात आले. 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले, त्यांत खुद्द संस्थेचा संस्थापक होता! रक्षकच भक्षक झाला, असे म्हणून आपण हळहळलो आणि विसरलो. सेवाकार्याविषयी आपल्या मनात आदर असतो, तो असावाही. परंतु त्या आदरापोटी आपण देणगी देतो, वर्धापनदिनाला जातो, आणि रात्री मुलींच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते हे विचारायला संकोचतो. संस्था आपल्या माणसांची असेल, तर हा प्रश्न अधिकच आग्रहाने विचारला पाहिजे.

फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण सांगितले गेले पाळीच्या स्वच्छतेचे. महाराष्ट्रभर संतापाची लाट उसळली व शस्त्रक्रिया थांबल्या. तरीही ‘निदान गर्भ तरी राहणार नाही’ असे सुशिक्षित घरांतूनही हळूच बोलले जाते. म्हणजे अत्याचार होणारच, हे आपण गृहीत धरले! गर्भाशय काढल्याने मुलगी सुरक्षित होत नाही. नाहीसा होतो तो केवळ पुरावा.

कायदा आज पुष्कळ पुढे गेला आहे. दिव्यांग स्त्रीवरील बलात्काराला भारतीय न्याय संहितेत किमान 10 वर्षे सक्तमजुरी आहे. तिची तक्रार पोलिसांनी तिच्या घरी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवायची आहे. दंडाधिकाऱ्यांपुढील जबाबाचे चित्रीकरण होते व तोच सरतपासणी म्हणून धरला जातो, म्हणजे तिला तीच कहाणी पुन्हा सांगावी लागत नाही. शासकीय असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार तात्काळ केलेच पाहिजेत.

पण देवरी-सालेकसाच्या एखाद्या जंगलातील टोल्यावर जी मूकबधिर मुलगी कधी शाळेतच गेली नाही, तिची भाषा कोणती? शहरातून आलेल्या दुभाष्याला सांकेतिक भाषा येते. या मुलीच्या खुणा तिच्या आईने आणि बहिणीने घरीच घडविलेल्या. ‘मामा’, ‘शेजारचा’, ‘दुखते’, ‘नको’ यांच्या खुणाच घरात ठरलेल्या नसतील, तर न्यायालयापुढे ती काय सांगणार? शिवाय या गोष्टींसाठी खूण शिकविणे आपल्याला अभद्र वाटते. त्या अभद्रतेच्या भीतीनेच आपण तिला मुकी केली आहे, तिच्या व्यंगाने नव्हे.

पुढची रोवणी लागण्यापूर्वी आपल्या गावात, वस्तीत अशा किती मुली दिवसा एकट्या असतात, त्यांच्याजवळ कोण बसते आणि त्यांच्या खुणा आईखेरीज आणखी कोणाला कळतात, एवढी विचारपूस घरोघरी जाऊन करता येईल. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.