मूर्ती घासावी काय?

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने नेपाळातील पाटण शहराहून एक वीतभर उंचीची बुद्धमूर्ती आणली. दिवाळीच्या आदल्या दिवशी समया, निरांजने व तांब्या घासावयास काढली, तेव्हा तीही मी परातीत ठेवली आणि चिंच व राख लावली. पहिल्याच हाताला चेहऱ्यावरचे सोने निघून आले व उजव्या गालावर तांबे दिसू लागले.

विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवसापर्यंत ती मूर्ती कशी घडते हे मी जाणून घेतले नव्हते. पाटणातील शाक्य कुळांत ही विद्या पिढीजात चालत आली आहे. कारागीर प्रथम मेणाची मूर्ती घडवितो. तिच्यावर माती, शेण व भाताचा तूस यांचे थर चढवितो. साचा तापविला की मेण वितळून वाहून जाते, आणि त्या पोकळीत तांब्याचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. म्हणून प्रत्येक साचा एकाच मूर्तीचा. पुढे छिन्नीने वस्त्राच्या चुण्या, बोटांची पेरे कोरावयाची. सोन्याचा मुलामा देताना सोने पाऱ्यात मिसळून लावतात आणि आच देऊन पारा उडवून टाकतात. ती वाफ कारागिराच्या छातीत जाते, ही गोष्ट विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. चेहऱ्यावर बहुधा सोन्याची पूड सरसात कालवून कुंचल्याने लावलेली असते. ती साध्या पाण्यानेही निघते, मग चिंचेपुढे तिचा काय पाड!

माझ्या मूर्तीचा डावा हात मांडीवर आहे. उजव्या हाताची बोटे भूमीला टेकलेली आहेत. बोधगयेस माराने गौतमाला तुझा साक्षी कोण असे विचारले, तेव्हा त्याने पृथ्वीलाच साक्षीस बोलाविले, अशी कथा आहे. दिवाणखान्यात फुलदाणीशेजारी शोभेसाठी ही मुद्रा मांडणाऱ्यांनी एवढे तरी जाणावे, असे मला वाटते. प्रतिष्ठा झालेल्या मूर्तीच्या पोकळीत मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या ठेवून तळ पत्र्याने बंद करतात. कुतूहलाने तो पत्रा उचकटणे म्हणजे दुसऱ्याचे देवघर फोडणेच होय.

घासणे हीच आमची सेवा, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. परंतु आमच्या घरच्या पितळी देवीचे नाकडोळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या सेवेने इतके झिजले आहेत की, मुखवटा चढविल्याशिवाय ती हसते की रागावते हे कळत नाही. तिबेटी बौद्ध विधीत मूर्तीसमोर आरसा धरून त्यातील प्रतिबिंबाला स्नान घालतात. मूर्ती कोरडी राहते, आणि भक्ताची सेवाही रुजू होते. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या गोव्यात कोलवाळजवळ मुशीर येथे १९३० साली फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली. आज ती मुंबईच्या हेरास संस्थेत आहे. तिला लखलखीत करण्याचा मोह कोणाला झाला नाही, हे तिचे भाग्य.

आता मी कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ झाडते. मूर्ती उचलताना हात वा प्रभामंडळ न धरता दोन्ही हातांनी बैठकीखाली धरते. आई म्हणते, पाटणला पाठवून गालावर पुन्हा सोने लावून आण. त्या पाऱ्याच्या वाफेची आठवण होते आणि मी पत्र लिहावयाचे लांबणीवर टाकते. चेहऱ्याला ती वाफ लागत नाही हे ठाऊक असूनही.