‘आई, हा वाघ झोपलाय का?’

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईला नातेवाइकांकडे आलेली अनेक कुटुंबे काळा घोडा परिसरातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे वळतात. १९२२ साली जनतेसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयातील निसर्गविज्ञान विभाग बालगोपाळांना विशेष भावतो. वाघ, गवा, धनेश, रोहित असे पशुपक्षी तेथे काचेआड उभे आहेत. नागपूरकरांना १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे त्यांचा ‘अजब बंगला’, अधिक जवळचा. मोठी माणसे पाटी वाचतात, छायाचित्र काढतात आणि पुढे सरकतात. तीन-चार वर्षांचे मूल मात्र काचेपाशी थबकते आणि विचारते, “हा झोपलाय का?”

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, याचा मुलाच्या मनःस्वास्थ्याशी निकटचा संबंध आहे. “हो, झोपलाय, आवाज करू नकोस,” असे आपण सहज सांगून जातो. हेतू चांगला असतो. परंतु या वयातील मूल शब्दांचा अर्थ जसाच्या तसा घेते, हे आपण विसरतो.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मृत्यू ही तात्पुरती अवस्था वाटते. मेलेला प्राणी पुन्हा उठेल, गेलेले माणूस परत येईल, अशी त्यांची समजूत असते. मृत्यू कायमचा असतो, त्यात शरीराची सर्व कार्ये थांबतात आणि तो प्रत्येक सजीवाला येतो, या गोष्टी बहुतेक मुलांना साधारणपणे पाच ते सात या वयात उमगू लागतात. तोवर ‘झोपला’, ‘गावाला गेला’ यांसारखे आडवळणाचे शब्द गोंधळ वाढवतात. झोपलेला उठतच नसेल, तर झोपेचीच भीती वाटू लागते. गावाला गेलेला परतत नसेल, तर बाबांनी बॅग भरली की पोटात गोळा येतो.

काही काळापूर्वी चार वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आई दवाखान्यात आली. दिवा मालवला की मुलगी रडत असे. डोळे मिटायलाच तयार नसे. ताप नव्हता, कान दुखत नव्हता, पोटाची तक्रार नव्हती. बोलण्यातून उलगडा झाला. आजोबा वारले तेव्हा ‘आजोबा झोपलेत’ असे तिला सांगण्यात आले होते आणि पुढे संग्रहालयातील पेंढा भरलेल्या बिबट्याविषयीही तेच. तिने दोन्ही गोष्टी जोडल्या होत्या. “मी झोपले की मलापण काचेत ठेवणार?” असे तिने मला विचारले. औषध काहीच द्यावे लागले नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू असतो, हे आईने तिला स्वतःच्या छातीवर तिचा हात ठेवून दाखवले. मेलेल्याचा श्वास थांबलेला असतो, हेही सांगितले. हे रोज, न कंटाळता. दोन-तीन आठवड्यांत तिची झोप पूर्ववत झाली.

मग वाघासमोर काय सांगावे? “हा वाघ पूर्वी जिवंत होता. आता तो मेला आहे. त्याला भूक लागत नाही, दुखत नाही. त्याची कातडी जपून ठेवली आहे. डोळे काचेचे आहेत.” एवढे पुरे. “कुणी मारलं?” असे मुलाने विचारले, तर पूर्वी माणसे शिकार करीत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघाची शिकार हा गुन्हा आहे, हे त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे. “तूपण मरशील?” हा प्रश्न आला, तर ‘कधीच नाही’ असे खोटे वचन देऊ नये. “सगळे सजीव कधीतरी मरतात. बहुतेक माणसे खूप म्हातारी होईपर्यंत जगतात. आता मी तुझ्याजवळ आहे,” हे उत्तर खरे आहे आणि धीर देणारेही. देवाघरची कल्पना आपल्या घरी असेल तर ती अवश्य सांगावी. मात्र शरीराचे काय होते, हे आधी स्पष्ट करावे.

मेलेल्या पाखरापासून कुतूहल कसे जागे होते, याचे उदाहरण मुंबईचेच आहे. बालपणी सलीम अली यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याला हसण्यावारी नेले नाही. खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. पुढे १९२६ मध्ये याच वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविज्ञान विभागात सलीम अली मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून रुजू झाले.

आता थोडे व्यवहाराचे. भेट मुलाच्या दुपारच्या झोपेच्या वेळी ठेवू नका. एक दालन आणि तासभर वेळ या वयाला पुरेसा आहे. काचेपाशी स्वतः खाली बसा. मुलाच्या उंचीवरून वाघ किती प्रचंड दिसतो, हे लक्षात येईल. मूल घाबरले तर हसू नका, पुढे ढकलू नका. कडेवर घेऊन लांबून दाखवा. जुने नमुने टिकवण्यासाठी पूर्वी आर्सेनिक सर्रास वापरले जाई. काचेआडच्या प्राण्यांपासून धोका नाही. परंतु उघड्यावरील जुन्या नमुन्यांना मुलाला हात लावू देऊ नका आणि खाण्यापूर्वी त्याचे हात साबणाने धुवा.

त्या रात्री एखादे वाईट स्वप्न पडले तर काळजीचे कारण नाही. जवळ घ्या, थोपटा. मात्र भीती कित्येक आठवडे टिकली, झोप-जेवण बिघडले किंवा मूल आपल्याला क्षणभरही सोडेनासे झाले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. घरात अलीकडे कुणाचे निधन झाले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, अंघोळ घालताना पुन्हा येईल. मूल आपली परीक्षा पाहत नसते; कळलेले पक्के करीत असते. दर वेळी तेच खरे उत्तर, त्याच शांत आवाजात द्या.