पऱ्हाटीतला उजेड बघायचा कधी?

बॉटनीच्या प्रॅक्टिकलला खोडाचा छेद म्हटलं की बऱ्याच ठिकाणी ठरलेला प्रकार चालतो. कपाटातली लाल-हिरवी रंगवलेली तयार स्लाइड बाहेर येते, सगळे रांगेने एकेक नजर टाकतात आणि आकृती पुस्तकातून जर्नलमध्ये उतरते. मार्क मिळतात, बघायचं राहून जातं. तेही बुलढाणा जिल्ह्यात, जिथे गावाबाहेर पडलं की पऱ्हाटी उभी!

तिची एक कोवळी फांदी घ्या. नव्या ब्लेडने आडवे, पातळ काप काढून पाण्यात सोडा. सगळ्यात पातळ काप ब्रशने उचलून स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवा. कव्हर स्लिप सुईच्या आधाराने तिरकी टेकवून हळूच सोडा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. रंग लावायची गरजच नाही. आता पोलरायझिंग फिल्मचा एक तुकडा स्लाइडखाली दिव्यावर आणि दुसरा आयपीसवर ठेवा. वरचा फिरवत गेलं की एका क्षणी सगळं अंधारतं आणि त्या अंधारात काप चमकायला लागतो.

पेशीभित्तिकेतल्या सेल्युलोजचे रेणू शिस्तीत रचलेले असतात. त्यांतून जाताना प्रकाशाच्या कंपनांची दिशा बदलते, म्हणून तो वरच्या फिल्ममधून पार होतो. जलवाहिन्यांच्या भिंती, सालीतले तंतू आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे काटेरी स्फटिक उजळून दिसतात.

हे तंत्र आपल्या जिल्ह्याला परकं नाही. लोणारचं विवर आघातातून झालं, याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधाने दिला. तो होता मास्केलिनाइट, म्हणजे धक्क्याने काचेसारखं झालेलं खनिज. त्याची खूण उलटी: मूळ खनिज या प्रकाशात उजळतं, मास्केलिनाइट मात्र काळंच राहतं.

प्रत्येक कॉलेजला महागडा पोलरायझिंग मायक्रोस्कोप परवडणार नाही, मान्य. पण साध्या मायक्रोस्कोपला फिल्मचे दोन तुकडे? अशी फिल्म बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवरही असते. अडचण पैशांपेक्षा सवयीची आहे. परीक्षकांनी विद्यार्थ्याने स्वतः कापलेला छेद तपासावा आणि त्याला जे दिसलं, त्याच आकृतीला मार्क द्यावेत. ती वाकडी आली तरी चालेल.

वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून चुलीत जाते. त्याआधी तिची एक फांदी लॅबमध्ये यायला काय हरकत आहे?