विश्लेषण : बर्ड फ्लूवरचे औषध दाद देईनासे झाले तर? पुण्यातील संशोधन काय सांगते?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर महाराष्ट्राचे शेवटचे गाव अच्छाड. पुढे भिलाड, म्हणजे गुजरात. बर्ड फ्लूची बातमी आली की अशा सीमेवर कोंबड्या आणि अंड्यांची वाहने अडवण्याची मागणी सर्वात आधी होते. वाहने अडवता येतात. पाणपक्षी आणि कावळे अडवता येत नाहीत. म्हणूनच नाकाबंदीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. उद्या पोल्ट्रीवर काम करणाऱ्या माणसाला लागण झाली, तर डॉक्टरांकडे असलेले औषध चालेल का? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील (एनआयव्ही) डॉ. शैलेश पवार आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे याच प्रश्नाचा पाठपुरावा करत आले आहेत.

सुरुवात कुठून झाली?

तीही सीमेवरूनच. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतातील पहिला बर्ड फ्लू निश्चित झाला. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. शेजारचा उच्छल तालुका गुजरातचा. त्यामुळे एकाच साथीसाठी दोन राज्यांच्या यंत्रणा कामाला लागल्या. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. हे काम करणाऱ्यांना खबरदारी म्हणून ‘टॅमीफ्लू’च्या गोळ्या देण्यात आल्या. माणसांचे नमुने पुण्यात तपासले गेले आणि त्यांत लागण आढळली नाही.

कामाची वाटणी तेव्हापासून आजतागायत तीच आहे. पक्ष्यांचे नमुने पुण्यातील औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेमार्फत भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात आणि माणसांचे नमुने एनआयव्हीकडे. पण पक्ष्यांतला विषाणू समजून घेतल्याशिवाय माणसांवरच्या धोक्याचा अंदाज येत नाही. एनआयव्हीने पक्ष्यांतील इन्फ्लुएन्झावर स्वतंत्र काम सुरू ठेवले ते यासाठी. पवार यांची संशोधन कारकीर्द या कामात घडली. पुढे ते परळच्या हाफकिन परिसरातील एनआयव्हीच्या मुंबई युनिटमध्ये आले.

मेलेल्या कोंबड्यांपलीकडे काय शोधले?

साथ आल्यावर मेलेले पक्षी तपासणे तुलनेने सोपे. कठीण असते ते साथ नसताना फिरणारा विषाणू शोधणे. त्यासाठी तळ्याकाठची विष्ठा, बाजारातल्या कोंबड्यांचे स्वॅब आणि परसातली बदके असे हजारो नमुने गोळा करायचे. त्यातले बहुतेक निरंक निघतात. या चिकाटीतून काही महत्त्वाचे हाती लागले. एका पाणपक्ष्यातून मिळालेल्या एच११एन१ विषाणूत युरेशियातील आणि अमेरिकेतील वंशांच्या जनुकांची सरमिसळ दिसली. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम बंगालमध्ये २००९ ते २०११ या काळात केलेल्या पाहणीत वरकरणी धडधाकट पोल्ट्रीतही सौम्य प्रकारचे विषाणू सापडले.

‘सौम्य’ हा शब्द कोंबडीच्या दृष्टीने आहे. एच५एन१ आला की खुराडेच्या खुराडे रिकामे होते, त्यामुळे तो लपत नाही. एच९एन२ मात्र कोंबडी मारत नाही. अंडी घटतात, पक्षी जरा मलूल दिसतो इतकेच. त्यामुळे कोणी कळवत नाही आणि विषाणू पसरत राहतो. पवार यांच्या गटाने २०१० मध्ये पुणे परिसरातील ३३८ पोल्ट्री कामगारांचे रक्त तपासले. त्यातील चार-पाच टक्के कामगारांत एच९एन२विरुद्धची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे विषाणू कोंबडीतून माणसात येऊन गेला होता आणि कुणाला पत्ताही लागला नव्हता. २०१९ मध्ये मेळघाटातील १७ महिन्यांच्या कोरकू बालकात एच९एन२ची लागण एनआयव्हीने नोंदवली, ती भारतातील पहिली. त्या आधीच्या कामगार-पाहणीकडे या घटनेनंतर अधिक गांभीर्याने पाहायला हवे होते.

औषध नेमके काय करते?

इन्फ्लुएन्झावरची जुनी औषधे म्हणजे अमान्टाडिन आणि त्याचे भावंड रिमान्टाडिन. विषाणूच्या आवरणातील ‘एम२’ नावाचे सूक्ष्म छिद्र ती बुजवतात. स्वस्त आणि साधी. पण एका ठिकाणचे एक अमिनो आम्ल बदलले की त्यांचा उपयोग संपतो, आणि तो बदल विषाणूला फारसा महागात पडत नाही. चीनमध्ये शेतकऱ्यांनी हेच औषध कोंबड्यांना दिल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा जगभर संताप व्यक्त झाला होता. पवार आणि सहकाऱ्यांनी २००९ ते २०१७ या काळात भारतातील पोल्ट्रीतून मिळालेले एच९एन२ तपासले. त्यांतही अमान्टाडिनला दाद न देण्याच्या खुणा मिळाल्या.

मग उरते ओसेल्टामिव्हिर, म्हणजे आपल्या ओळखीचे टॅमीफ्लू. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात देशातला पहिला बळी गेला आणि हे नाव घरोघरी पोहोचले. विषाणू पेशीत वाढला की बाहेर पडताना तो पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो. ही चिकटण सोडवणारी कात्री म्हणजे न्युरामिनिडेज; एच५एन१ मधला ‘एन’ तोच. औषध त्या कात्रीत अडकते आणि नवे विषाणू जागीच खिळून राहतात. झानामिव्हिर याच तत्त्वावर चालते, पण ते श्वासावाटे घ्यावे लागते. (ओसेल्टामिव्हिरचा कच्चा माल असलेले शिकिमिक आम्ल आपल्या मसाल्यातल्या चक्रीफुलातून काढले जाई. म्हणून चक्रीफुलाचा काढा घेतल्याने फ्लू बरा होत नाही. मधे रसायनशास्त्राच्या बऱ्याच पायऱ्या आहेत.)

विषाणू या औषधालाही चकवतो का?

चकवू शकतो, आणि पुण्यातील काम इथे महत्त्वाचे ठरते. प्रयोगशाळेत एच९एन२ला औषधाच्या सान्निध्यात पिढ्यान् पिढ्या वाढवले, तर ओसेल्टामिव्हिर आणि झानामिव्हिर दोन्हींना कमी दाद देणारा विषाणू निवडला जातो, हे या गटाने २०१९ मध्ये दाखवले. त्याच वर्षी एच५एन१च्या न्युरामिनिडेजमधील ११७ व्या जागेवरचा, तोवर न नोंदला गेलेला बदल त्यांनी मांडला. त्यानेही दोन्ही औषधांचा परिणाम घटतो. अशा बदलांची यादी हाताशी असेल, तर नव्या साथीतील विषाणूचा जनुकीय क्रम वाचताच धोक्याची खूण ओळखता येते. औषध चालत नसल्याचे रुग्ण दगावल्यावर कळण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

हा धोका केवळ प्रयोगशाळेतला नाही. २००८-०९ मध्ये मानवी एच१एन१चा हंगामी प्रकार पाहता पाहता जगभर ओसेल्टामिव्हिरला दाद देईनासा झाला, तेही औषधाचा वापर जेमतेम असलेल्या देशांत. २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात काही पोल्ट्री फार्मवरच्या एच५एन१ मध्ये नेमका तोच बदल आढळला. सर्वत्र असे झालेले नाही. आजही बहुतांश एच५एन१ वर हे औषध चालते. बालोक्साव्हिर हे वेगळ्या जागी घाव घालणारे नवे औषधही आले आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी आज भरवसा ठेवता येतो तो ओसेल्टामिव्हिरवरच.

आताच काळजी का?

२००३ पासून जगभरात एच५एन१चे साडेनऊशेहून अधिक मानवी रुग्ण नोंदले गेले आणि त्यातील जवळपास निम्मे दगावले. सौम्य रुग्ण नोंदीत येत नाहीत, हे धरूनही आकडा मोठा आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये हरियाणातील ११ वर्षांच्या मुलाचा आणि मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूने दगावले. २०२५ च्या जानेवारीत उदगीरचे कावळे आणि उरणजवळच्या चिरनेरमधील कोंबड्या. अमेरिकेत २०२४ पासून तो दुभत्या गायींत शिरला आहे. माणसापासून माणसाला सहज लागण होत असल्याचा पुरावा मात्र अद्याप नाही. नीट शिजवलेले चिकन आणि अंडी खाण्यात धोका नाही.

डहाणू-तलासरीसाठी याचा अर्थ काय?

पालघर जिल्हा यातून सुटलेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये वसई-विरार भागात बर्ड फ्लू आढळला होता. मोठ्या फार्मवर पक्षी मेले तर निदान कुणाचे तरी लक्ष जाते. अच्छाडसारख्या गावांच्या पाड्यांवर परसातल्या आठ-दहा गावठी कोंबड्या हीच घरची शिल्लक असते. पाहुणा आला, देवाचे काम निघाले, दवाखान्याला पैसे लागले की त्यातलीच एक जाते. दोन कोंबड्या मेल्याचे कळवले, तर एक किलोमीटर परिघातील सगळ्यांच्या कोंबड्या मारल्या जाण्याची भीती. भरपाईची तरतूद आहे, पण ती हातात कधी पडेल याची खात्री कुणी देत नाही. असे असताना लोक गप्प राहिले तर दोष त्यांना देता येणार नाही. भरपाई जितकी लवकर, तितका नमुना लवकर प्रयोगशाळेत, इतका हा सरळ हिशेब आहे.

दुसरी अडचण वेळेची. ओसेल्टामिव्हिर लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी. ताप-खोकल्याच्या रुग्णाला ‘घरी कोंबड्या मेल्या का?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला, तरच हे साधते. आणि या पट्ट्यातील रुग्ण ग्रामीण रुग्णालयात थांबतोच असे नाही. अवस्था बिघडली की तो सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात किंवा वापीला जातो. रुग्ण अशा वेळी दादरा-नगर हवेलीच्या किंवा गुजरातच्या यंत्रणेत दाखल झालेला असतो, तर मेलेली कोंबडी पालघरच्या पशुसंवर्धन खात्याच्या हद्दीत. या दोन्ही टोकांची माहिती त्याच दिवशी एकत्र आली, तर नमुना पुण्याला कोणत्या शंकेने पाठवायचा हे ठरते. नाहीतर तो साध्या फ्लूचा आणखी एक नमुना म्हणून रांगेत लागतो.